जुन्या गाडीचे रबरी बुश : शेवटचा नट गाडी चाकांवर उभी करूनच

मोले सोडून अनमोड घाट चढू लागले की जुन्या गाडीची खरी परीक्षा सुरू होते. घाटमाथ्यावर अनमोडला पोहोचताच आपण उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात प्रवेश करतो. पुढे तिनईघाट, रामनगर आणि तेथून जोयडा, गणेशगुडी, दांडेलीकडे फुटणारे जंगलातील रस्ते लागतात. गोमंतकीयांना हा मार्ग नवा नाही. मात्र पणजीच्या सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी जुनी गाडी येथील वळणांवर आणि खड्ड्यांत आपले दुखणे बोलून दाखवते. ब्रेक लावताच ती एका बाजूला ओढते, खड्ड्यात पुढचे चाक गेले की खालून ‘टक्’ असा आवाज येतो, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते. अशा वेळी बहुतेकांचा संशय शॉक अॅब्सॉर्बरवर जातो. पुष्कळदा खरा दोषी असतो तो हाताच्या मुठीत मावणारा रबराचा तुकडा, म्हणजेच सस्पेन्शनचा बुश.

हा विषय समजून घेण्यास आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. इटालियन रचनाकार जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी घडविलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात ती भारतीय नावाने तयार होऊ लागली. याच हेराल्डच्या आधारे १९६२ मध्ये ट्रायम्फने ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. दोघींच्या पुढच्या चाकांची मूळ रचना एकच. म्हणूनच पडवीत उभ्या असलेल्या हेराल्डचे बुश बदलण्याची रीत आणि स्पिटफायरची रीत यांत फारसा फरक नाही.

या रचनेत प्रत्येक पुढचे चाक वर एक आणि खाली एक अशा दोन त्रिकोणी भुजांनी चासीला जोडलेले असते. या भुजांना विशबोन म्हणतात. चाक वर-खाली होते तेव्हा भुजा चासीकडील टोकाभोवती हलतात. त्या टोकांत बुश बसवलेले असतात : बाहेर धातूचे कवच, आत धातूची नळी आणि दोहोंमध्ये रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला पक्की जखडली जाते. ती फिरत नाही. भुजेची सारी हालचाल रबर स्वतः पिळले जाऊन सोसते. रस्त्याचे हादरेही तेच गिळते. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढची सारी कृती आपोआप उलगडते.

रबर केवळ धावण्याने झिजत नाही, ते वयानेही मरते. उष्णता, हवा आणि इंजिनातून ठिबकणारे तेल यांनी ते कडक होते, चिरते किंवा फुगून भुसभुशीत होते. त्यामुळे वर्षानुवर्षे उभी राहिलेली, मीटरवर थोडेच किलोमीटर दाखविणारी गाडीही या बाबतीत निर्धोक मानता येत नाही.

दुखणे नेमके कोठे आहे, हे आधी तपासावे. टायर एकाच कडेने झिजत असेल तर ती पहिली खूण. गाडी आधारावर उचलून चाक वरून आणि खालून धरून हलवावे. खुळखुळा जाणवल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खुळखुळा थांबला तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा; न थांबला तर वरचा बॉल जॉइंट, खालचा ट्रनियन किंवा बुश यांचा. मग पहारीच्या टोकाने विशबोन हलकेच दाबून पाहावा. आतली नळी मध्यभागी न राहता एका बाजूला सरकलेली असेल, रबर बाहेर आले असेल किंवा भेगा पडल्या असतील, तर बुश संपले असे समजावे.

काम सपाट, टणक जमिनीवर करावे. मागच्या चाकांना अडसर लावावा आणि गाडी जॅकवर न ठेवता चासीखाली लोखंडी स्टँड द्यावेत. आपल्याकडे हाताशी असलेला चिरा आधाराला लावण्याची सवय आहे. ती जिवावर बेतू शकते. चिरा भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने बोल्ट नळीत गंजून बसलेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडविणारे तेल मारून ठेवावे.

हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसह पुढच्या बाजूला पूर्ण उघडते, त्यामुळे हात घालायला भरपूर जागा मिळते. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर हे एकत्रच काढावेत : वरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट. मात्र वरच्या टोकाच्या मध्यभागी असलेल्या नटाला पाना लावू नये. दाबलेली स्प्रिंग त्याच नटाने धरलेली असते. तो सुटला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उसळते. खालच्या विशबोनचे कंस सोडविताना त्यांच्यामागे पातळ पत्र्याच्या चकत्या सापडतात. चाकाचा कल त्या ठरवितात. कोणत्या कंसामागे किती होत्या, हे लिहून प्रत्येकीची वेगळी जुडी बांधावी.

जुना बुश काढण्यास मोठे यंत्र लागत नाही. मजबूत वाइस आणि दोन सॉकेट पुरतात. बुशाहून किंचित लहान सॉकेट एका बाजूला ठेवायचा, बुश ज्यात सामावेल असा मोठा सॉकेट दुसऱ्या बाजूला, आणि वाइस आवळत न्यायचा. बाहेरचे कवच अडकून राहिले तर हॅकसॉच्या पात्याने त्यात एक चीर पाडून ते आत मुडपावे. ज्योतीने रबर जाळण्याचा मार्ग टाळावा; धूर विषारी असतो आणि भुजेचे पोलादही तापते. नवा बुश बसविताना साबणाचे पाणी वापरावे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवते. दाब बाहेरच्या कवचावर द्यावा, मधल्या नळीवर नव्हे.

नवा बुश कोणता घ्यावा? पॉलियुरेथेनचा बुश टिकाऊ आणि वळणावर अधिक करकरीत. पण त्याला विशिष्ट ग्रीस लागते, तो कुरकुरतो आणि खड्ड्यांचे हादरे थेट आत पोहोचवतो. लेथवर कातलेला नायलॉनचा बुश स्वस्त पडतो, मात्र तो रबरासारखा लवचीक नसल्याने ताण बोल्ट व कंसावर येतो. जोयड्याच्या रस्त्यांवर कुटुंबासह फिरणाऱ्यास ताज्या रबराचा बुशच हितकर. ‘मूळ जुना साठा’ म्हणून मिळणारे सुटे भाग पारखून घ्यावेत. पेटीत पडून राहिलेले रबरही म्हातारे होते.

आता कामाचा मर्म असलेला टप्पा. जोडणी करताना विशबोनचे बोल्ट केवळ हाताने बसतील इतकेच फिरवावेत. गाडी हवेत असताना भुजा खाली लोंबत असतात. त्याच स्थितीत नट आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच आपली विश्रांतीची जागा मानते. गाडी चाकांवर येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश थोड्याच काळात फाटतो. म्हणून चाके जाड फळ्यांवर घेऊन किंवा खड्ड्याच्या गॅरेजमध्ये गाडी उभी करावी, पुढचा भाग काही वेळा दाबून सोडावा, गाडी थोडी पुढे-मागे न्यावी आणि मगच नट पूर्ण आवळावेत. ‘बुश बदलले, पण टिकले नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच घाई असते.

दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत. खालच्या पितळी ट्रनियनमध्ये ग्रीस न भरता गिअरचे घट्ट तेल भरावे. तो कोरडा राहिला तर त्यातील आटे झिजून गंजतात आणि उभा दांडा तुटून चाक कोलमडू शकते. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी आणि दोनएकशे किलोमीटरनंतर सारे नट पुन्हा तपासावेत.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते; प्रदर्शन, रॅली अशा निमित्तानेच ती रस्त्यावर येते. वर्षातून मोजकेच दिवस धावणाऱ्या गाडीचे रबर उभ्या उभ्याच निकामी होते, हे तिच्या मालकाने विशेष ध्यानी घ्यावे. अनमोडपलीकडच्या जंगलात मोबाइलला अनेकदा संपर्क मिळत नाही आणि गॅरेजही जवळ नसते. तेथे जाण्यापूर्वी अर्धा तास गाडीखाली डोकावणे, ही प्रवासाची पहिली तयारी होय.