जलगालन आणि जलाभिषेक

आपल्या धर्माशी परिचय नसलेल्या एखाद्या जिज्ञासू गृहस्थाने आपले आचार बाहेरून पाहिले, तर त्यास एक विसंगती खचितच जाणवेल. ज्या धर्मात दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांमध्ये ‘अस्नान’ हा एक मूलगुण गणला आहे, त्याच धर्माचे श्रावक दररोज प्रातःकाळी जिनबिंबावर जलाभिषेक करतात. आणि श्रवणबेळगोळ येथे तर साधारणतः १२ वर्षांनी १००८ कलशांचा महामस्तकाभिषेक होतो. पाण्याने पावित्र्य येते म्हणावे, तर मुनी स्नान का करीत नाहीत? येत नाही म्हणावे, तर ते भगवंताच्या मस्तकावर का ढाळावे? हा प्रश्न आता परके लोकच विचारतात असे नाही. आपल्या घरातील शिकलेली मुलेमुलीही विचारू लागली आहेत. दिवसभर दुकानाच्या व पेढीच्या व्यवधानात असलेले आपण बहुधा ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढे उत्तर देऊन मोकळे होतो. ते उत्तर पुरेसे नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा थोडक्यात विचार करू इच्छितो.

आमच्या मते या कोड्याची उकल एका वाक्यात सांगता येते. जैन आचारात पाणी हे पाप धुऊन टाकण्याचे साधन नव्हे. तो आपल्या स्वाधीन झालेला जीव आहे. त्याचे पावित्र्य त्याच्या विपुलतेत नसून, त्याच्याशी आपण ज्या जपणुकीने वागतो त्या जपणुकीत आहे. आपले पाण्याविषयीचे सर्व विधी या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील विसंगती नाहीशी होते.

पाणी हाच जीव

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात स्थावर जीवांचे पाच प्रकार सांगितले आहेत : पृथ्वी, अप्, तेज, वायू आणि वनस्पती. यांपैकी अप्कायिक जीव म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव. त्यांस स्पर्शन हे एकच इंद्रिय असते. दव, धुके, हिम, गारा, गवताच्या पात्यावर साचलेले थेंब ही सर्व त्यांचीच रूपे होत. त्यांचे उत्कृष्ट आयुष्य ७००० वर्षांचे सांगितले आहे. आचारांगसूत्राच्या अगदी पहिल्या अध्ययनातच पाण्याच्या हिंसेचा स्वतंत्र विचार आला आहे, यावरून या गोष्टीचे महत्त्व ध्यानी येते.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण या बाबतीत पुष्कळांचा घोटाळा होतो. पाण्यात हालचाल करणारे जे द्वींद्रियादी त्रस जीव असतात ते निराळे, आणि अप्कायिक जीव निराळे. हॉलंडमधील लेवेनहुक याने १६७४ मध्ये तळ्याचे पाणी भिंगाखाली धरले व त्यात असंख्य सूक्ष्म प्राणी पाहिले. हा दाखला देऊन ‘विज्ञानाने आपले तत्त्व सिद्ध केले’ असे व्यासपीठावरून सांगण्यात येते. परंतु भिंगातून दिसले ते पाण्यात राहणारे जीव होत. पाणी हे स्वतःच सजीव आहे हा सिद्धांत आगमाचा आहे व तो श्रद्धेने स्वीकारावयाचा आहे. एकास दुसऱ्याचा पुरावा म्हणून पुढे करण्याचे कारण नाही. गाळण्याचा विधी मुख्यतः पहिल्या प्रकारच्या, म्हणजे त्रस जीवांच्या रक्षणासाठी आहे. आणि पाणी मोजून वापरण्याचा नियम दुसऱ्या प्रकारच्या जीवांसाठी आहे.

गाळणे आणि परत पोहोचविणे

पाणी गाळण्याच्या वस्त्राचे परंपरागत माप ३६ अंगुले लांब व २४ अंगुले रुंद असे असून ते दुहेरी करून वापरावे असा नियम आहे. वस्त्र जाड व घट्ट विणीचे असावे, नेसूचे जुनेर नसावे. अशा रीतीने गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची असते. त्यानंतर ते पुन्हा अगाळीतच समजले जाते. लवंगादी पदार्थ घालून प्रासुक केलेले पाणी दोन प्रहर, म्हणजे ६ तास, आणि चांगले उकळलेले पाणी २४ तास चालते, अशी दिगंबर परंपरेतील मर्यादा आहे. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा ऋतुमानाप्रमाणे बदलते : उन्हाळ्यात ५ प्रहर, हिवाळ्यात ४ आणि पावसाळ्यात ३.

उकळण्यात हिंसा होत नाही काय, असा आक्षेप कोणी घेतील. होते, हे शास्त्रकारांनी नाकारलेले नाही. परंतु कच्च्या पाण्यात जीवांची उत्पत्ती व नाश सतत चालू राहतो. प्रासुक पाण्यात ती परंपरा ठराविक काळापुरती थांबते. शिवाय जे पाणी कष्टाने तापवावे लागते ते मनुष्य मोजूनच वापरतो, हा लाभ काही लहान नव्हे.

या विधीचा अर्धाच भाग सामान्यतः लोकांच्या लक्षात राहतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे जिवाणी. गाळून झाल्यावर वस्त्रावर जे जीव अडकतात, त्यांच्यावर गाळलेले पाणी हळुवारपणे सोडून ते सर्व एका भांड्यात घ्यावयाचे, आणि ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत पोहोचवावयाचे. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकणे निषिद्ध आहे. कारण निराळ्या पाण्यात ते जीव तगत नाहीत. वरून ओतले तर आपटून मरतील, म्हणून बुडाशी कडी असलेला पोहरा वापरीत. तो पाण्याला टेकला म्हणजे दोरीच्या युक्तीने अलगद उलटा करता येई. आमच्या आजीपणजींनी हे काम रोजच्या रोज केले. आपण ज्या पाण्याने आपली तहान भागविली, त्यातील रहिवाशांस त्यांच्या घरी सुखरूप पोहोचविल्याखेरीज आपला व्यवहार पुरा होत नाही, ही त्यामागील भावना होय. हिशेबाची खतावणी जाणणाऱ्या आमच्या बंधूंस हे सहज पटावे : येथे केवळ नावे लिहून भागत नाही, जमाही करावे लागते.

गाळण्यापासून मनुष्यासही लाभ झाला आहे, हे ओघाने नमूद करू. नारूचा रोग ज्या सूक्ष्म जलकीटकामुळे पसरे तो कीटक कापडाने गाळला जातो. पाणी गाळून पिण्याच्या प्रसारास त्या रोगाच्या उच्चाटनात मोठे स्थान होते, व २००० साली भारत नारूमुक्त म्हणून घोषित झाला. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि आपल्या पूर्वजांनी पाणी गाळले ते आपला जीव वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याचा. आरोग्य हे त्या धर्माचे फळ आहे, मूळ नव्हे.

अभिषेकातील पाणी

आता पूजेकडे वळू. अष्टद्रव्यांत जल हे पहिले द्रव्य आहे. ते अर्पण करताना जन्म, जरा व मृत्यू यांचा नाश व्हावा अशी भावना केली जाते. शरीराचा मळ जावा अशी प्रार्थना येथे नाही, आणि पाप धुतले जावे अशीही नाही; कारण कर्माचा लेप पाण्याने सुटत नाही, तो संवर व निर्जरेनेच सुटतो. मुनींचे अस्नानव्रत हेच सत्य आचरून दाखविते. मुनींजवळ कमंडलू असतो, तो केवळ शौचापुरता व प्रासुक जलाचा. कमंडलूचे भरावयाचे तोंड मोठे आणि ओतावयाची तोटी लहान असते, यातून संग्रह व व्यय यांचा धडा घ्यावा असे प्रवचनांतून सांगतात. व्यापाऱ्यांच्या सभेत तर तो अवश्य सांगावा.

अभिषेक हा तीर्थंकरांच्या जन्मकल्याणकाचे स्मरण आहे. इंद्रादी देवांनी बालतीर्थंकरास मेरुपर्वतावरील पांडुकशिलेवर नेऊन क्षीरसागराच्या जलाने १००८ कलशांनी स्नान घातले, अशी कथा आहे. येथे क्षीरसागरच का, हे पाहण्यासारखे आहे. लवणोद, कालोद आणि स्वयंभूरमण या तीन समुद्रांतच जलचर असतात, इतर समुद्रांत नसतात, असे शास्त्रात म्हटले आहे. देवांनीदेखील आपल्या उत्सवासाठी त्रस जीव नसलेले पाणी शोधले! उत्सवाचा आनंद कितीही मोठा असो, अहिंसेची मर्यादा त्याहून मोठी आहे, हाच या तपशिलाचा आशय आम्हांस दिसतो.

अभिषेकाच्या पद्धतीत आपल्यात भेद आहेत. दक्षिणेकडील बस्त्यांत उपाध्ये पंचामृताभिषेक करतात. उत्तरेकडील तेरापंथी मंदिरांत केवळ प्रासुक जलाचा अभिषेक होतो. श्वेतांबर बांधवांत प्रक्षाळाची पूजा आहे. कोणती पद्धत श्रेष्ठ, या वादात आम्ही शिरत नाही. पाणी गाळलेले असावे, बेताचे असावे, व अभिषेकानंतर ते पायदळी जाऊ नये, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. गंधोदक आपण मस्तकी व नेत्रांस लावतो. मैनासुंदरीने गंधोदकाने श्रीपाल व त्याचे ७०० सोबती यांचा कुष्ठरोग दूर केला ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेत गंधोदकाबरोबर तिची अढळ भक्तीही आहे, हे मात्र विसरू नये.

श्रवणबेळगोळची कथा तर याहून बोलकी आहे. चामुंडरायाने सुमारे ५८ फूट उंचीची गोम्मटेश्वराची मूर्ती घडवून मोठ्या थाटाने अभिषेक आरंभिला; परंतु घागरीमागून घागरी रित्या झाल्या तरी धार कमरेखाली उतरेना. तेव्हा गुळ्ळकायज्जी नावाची एक गरीब वृद्धा फळाच्या करवंटीत चिमूटभर दूध घेऊन आली, आणि त्या तेवढ्याशा दुधाने आपादमस्तक अभिषेक पूर्ण झाला. मूर्तीसमोर त्या वृद्धेची प्रतिमा आजही उभी आहे. पहिल्या कलशाच्या बोलीत भाग घेणाऱ्या धनिकांनी त्या प्रतिमेसमोर क्षणभर थांबावे. त्या क्षेत्राचे नावही एका तळ्यावरून पडले आहे. कन्नडमध्ये ‘बेळ’ म्हणजे शुभ्र व ‘कोळ’ म्हणजे तळे. बिहारमधील पावापुरी येथे महावीरांच्या अंत्यसंस्काराचे स्थान कमळांच्या तलावाने वेढलेले आहे. आपल्या तीर्थांनी पाणी असे जवळ बाळगले आहे. त्यात उडी घेऊन पापक्षालन करा असे मात्र ती कोणास सांगत नाहीत.

आनंद श्रावकाचा हिशेब

येथवर मंदिराचे झाले. आता पेढीचे पाहू. उपासकदशांग या आगमात वाणिज्यग्रामच्या आनंद नामक गृहस्थाची कथा आहे. त्याच्याजवळ १२ कोटी सुवर्णमुद्रा होत्या : ४ कोटी ठेवीत, ४ कोटी व्यापारात, ४ कोटी घरसंसारात. ४०,००० गायी होत्या. परदेशच्या वाहतुकीस ५०० गाड्या व स्थानिक वाहतुकीस ५०० गाड्या होत्या. महावीरांजवळ व्रत घेताना या धनाढ्य व्यापाऱ्याने आपल्या स्नानाचे पाणी ८ घड्यांपुरते ठरविले, आणि पिण्यासाठी केवळ आकाशातून पडलेले पाणी घेण्याचा नियम केला. ज्यास पाणी कमी पडण्याची भीती नव्हती त्याने पाणी मोजले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

श्रावकास वर्ज्य असलेले जे १५ धंदे, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत, त्यांत सरोवरे, डोह व तळी आटविणे हे एक आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात विनाकारण पाणी सांडणे हे अनर्थदंडात, प्रमादचर्या म्हणून गणले आहे. धर्मशास्त्राने पाण्याचा विचार देवघरापुरता ठेवला नाही, तो बाजारापर्यंत नेला, हे यावरून स्पष्ट होते.

आजची अडचण

आज बहुतेक घरांत नळाचे पाणी येते. नळाच्या तोंडास फडके बांधले जाते, परंतु जिवाणी कोठे पोहोचवावी? पाणी कोणत्या जलाशयातून आले, हे कित्येकांस ठाऊकही नसते. फडके मोरीत झटकले जाते, आणि विधीचा दुसरा, अधिक दयेचा भाग नाहीसा होतो. ज्या बस्तीत किंवा मंदिरात जुनी विहीर आहे ती बुजवू नये, गाळ काढून वापरात ठेवावी, व निदान अभिषेकाचे पाणी तिचेच घ्यावे, म्हणजे जिवाणीचा पूर्ण विधी गावात एका ठिकाणी तरी जिवंत राहील. बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली आहे. मग पिढ्यान्‌पिढ्या भगवंताच्या अभिषेकास पाणी देणाऱ्या विहिरीवर सिमेंटची फरशी का पडावी?

याहून कठीण प्रश्न आपल्या व्यवसायाचा आहे. घरात थेंबभर पाणी गाळून पिणारा गृहस्थ आपल्या कारखान्याचे रंगाचे, तेलाचे वा मळीचे पाणी तसेच ओढ्यात सोडीत असेल, तर त्याने सकाळी वाचविलेल्या जीवांचा हिशेब सायंकाळी काय उरला? ज्या पाण्यातून घेतले त्याच पाण्यात, त्यातील जीवांस अपाय न होता परत करावे, हा जिवाणीचा नियम आहे. तो विहिरीस लागू आहे तसा नदीसही लागू आहे. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे हे आज सरकारी कायद्याचे बंधन आहेच. परंतु कायदा होण्यापूर्वी कित्येक शतके आपल्या घरातील श्राविकांनी ते बंधन दोरी-पोहऱ्यानिशी पाळले, याचा आपणांस विसर पडू नये.

आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच आहे. येत्या पर्युषणात आपण नाना प्रकारचे नियम घेऊ. त्यांत एक नियम पाण्याचाही असावा : घरात आनंद श्रावकाप्रमाणे मोजून वापरण्याचा, मंदिरात बेताने ढाळण्याचा, आणि कारखान्यातून निर्मळ करूनच परत देण्याचा. हा तिहेरी नियम पाळणाऱ्या श्रावकाच्या हातून जिनबिंबावर ढाळलेली एक कलशीदेखील खरा अभिषेक ठरेल, अशी आमची श्रद्धा आहे.