पाखरांची पाणथाळी: पाणी पाखरांचं, डासांचं नव्हे

आम्ही विक्रोळीहून बोलतोय. आमच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिच्याकाठचं खारफुटीचं रान. पाणी डोळ्यांसमोर भरपूर, पण खारट. चिमणी, बुलबुल, साळुंकी, दयाळ यांना गोडं पाणी लागतं. तुमच्या गावाकडे ओढे आटले की पाखरांचे तेच हाल. पाखराला आपल्यासारखा घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकतं, पाण्यात पंख भिजवतं, तेव्हा कुठे अंग गार होतं. म्हणून प्यायला आणि अंघोळीला, दोन्हीला चालेल अशी पाणथाळी आज बनवूया.

अळूवडीसाठी आपण मोठं पान निवडतो ना, तसंच एक निवडा. हात-दीड हात लांबीचं, न फाटलेलं. अळू नसेल तर सागाचं पान चालतं. शिवाय लागेल सिमेंट, चाळलेली वाळू, प्लॅस्टिकचा कागद आणि जुनं घमेलं.

सावलीत ओल्या वाळूचा ढीग करून पालथ्या ताटलीसारखा थापा. मध्ये उंची दोन इंच, त्याहून जास्त नको. कारण ढिगाची उंची तीच थाळीची खोली. त्यावर कागद अंथरा आणि पान पालथं ठेवा, म्हणजे शिरांची बाजू वर. एक वाटी सिमेंटला तीन वाट्या वाळू घ्या. पाणी बेताचं घालून लाडवासारखा वळेल इतका घट्ट माल कालवा. सिमेंटने कातडी सोलते, म्हणून हातमोजे घाला, नाहीतर हाताला पिशव्या बांधा. पानावर माल दाबून थापा, मध्ये इंचभर जाड, कडेला थोडा पातळ. माथ्यावर हलक्या हाताने सपाट करा, म्हणजे थाळी डगमगणार नाही.

ओलं गोणपाट झाकून दोन दिवस हलवू नका. मग अलगद उलटवून पान सोलून काढा. शिरान् शिर उमटलेली दिसेल. ही नक्षी नुसती शोभेची नाही. गुळगुळीत काचेवर पाखराचा पाय घसरतो, या शिरांवर तो टिकतो.

आता घाई करायची नाही. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. थाळी आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मगच पाखरांसाठी मांडा. आतून रंग लावू नका. हौस असेल तर खालच्या कुंडीवर गेरू आणि चुन्याने नक्षी काढा. एवढा खटाटोप नको असेल तर कुंभाराकडची पसरट मातीची थाळी आणा. धातूची परात मात्र नको, उन्हात ती तापते.

पालथ्या कुंडीवर किंवा विटांवर, कमरेइतक्या उंचीवर थाळी मांडा. जवळ झाड हवं, पण अगदी लगत झुडूप नको, तिथे मांजर दबा धरून बसते. मध्ये दोन-तीन खडे ठेवा, त्यावर मधमाशाही टेकून पाणी पितील.

आता मुद्द्याची गोष्ट. साचलं पाणी म्हटलं की शेजारीण म्हणणार, “डेंग्यू आणता का गं?” तिचं म्हणणं खोटं नाही. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे पाणी रोज ओतून टाकलं तर त्याची साखळी तुटते. पण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून दोन दिवसांआड काथ्याने आणि राखेने थाळी घासा. साबण नको, आणि डास मारायला तेल किंवा औषध तर मुळीच टाकू नका, पाखरं तेच पाणी पितात. ओतलेलं पाणी झाडांना घाला.

गावाला जाताना थाळी पालथी घालून जा. पावसाळ्यात पाखरांना पाणी सगळीकडे मिळतं, तेव्हा ती पालथीच ठेवलेली बरी. थाळीशेजारी दाणे टाकू नका. कबुतरांचे थवे जमतात, आणि त्यांच्या विष्ठेची धूळ छातीला बाधते.

गटाने काम वाटून घेतलं तर सोपं जातं. घरोघरी थाळी नको. दहा घरांत एक पुरते, आणि रोज कोणी पाणी बदलायचं त्याची पाळी बैठकीच्या वहीत लिहून ठेवायची. जमलं तर विकायलाही करा. जत्रेत, आठवडी बाजारात, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनातही अशा वस्तू शोभतील. मात्र विकताना पाणी रोज बदलायचा नियम गिऱ्हाइकाला तोंडी सांगा.

मैत्रिणींनो, ज्या घरात रोज पाणी बदलणारा हात आहे, त्याच घरात ही थाळी मांडा. पहिले काही दिवस पाखरू फिरकणार नाही, धीर धरा. एक चिमणी उतरली की बाकीच्या येतात.