बदललेला गुडघा पुन्हा दुखू लागला तर

ढोकीहून एका वाचकाने विचारले आहे : आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बारा वर्षांपूर्वी बदलला. दहा वर्षे ती शेतापर्यंत पायी जात होती. आता चालताना कळ येते, पायही वाकडा पडू लागला आहे. डॉक्टर म्हणतात, सांधा पुन्हा बदलावा लागेल, पण हाड झिजले आहे. हाडच नसेल तर नवा सांधा बसणार कशावर?

प्रश्न रास्त आहे. कृत्रिम सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये टणक प्लॅस्टिकची चकती असते. वर्षानुवर्षे चालून ती झिजते व तिचे सूक्ष्म कण भोवती पसरतात. शरीरातील पेशी हे कण गिळतात, पण ते पचत नाहीत. या धडपडीत हाड खाणाऱ्या पेशी मात्र चेतवल्या जातात. हाड पोखरते, सांधा सैल होतो आणि सैल सांधा हलून हलून हाड आणखी घासतो. जंतुसंसर्ग झाला तरी हाड जाते. पंचाईत अशी की, सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. म्हणून सांधा बदललेल्यांनी त्रास नसला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढावा. 'वय झाले, दुखणारच' असे म्हणून दोन वर्षे काढणारे रुग्ण आपल्याकडे फार.

खड्डा खरा केवढा आहे, हे जुना सांधा काढल्यावरच कळते; एक्स-रेत तो बऱ्याचदा लहान दिसतो. सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा सिमेंटने भरतात. हे सिमेंट घरबांधणीचे नव्हे! एका बाजूचे हाड अधिक गेले असेल तर धातूचा ठोकळा बसवतात, आखूड पायाच्या बाजेखाली वीट द्यावी तसा. हाड आतून पोकळ झाले असेल तर सच्छिद्र धातूचा शंकू घालतात. त्याच्या छिद्रांत हाड वाढून तो पक्का होतो. सांध्याला लांब दांडीही जोडतात, म्हणजे भार पुढच्या निरोगी हाडावर जातो.

काही वेळा दान केलेले हाड वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तेथे असे हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते.

खर्चाचे म्हणाल तर, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यात पुनर्शस्त्रक्रियेचे सांधेही आले. शस्त्रक्रियेचा व रुग्णालयाचा खर्च मात्र वेगळा.

आईंना लातूर-सोलापूरला नेताना पहिल्या शस्त्रक्रियेची फाईल न्या. सांध्याची कंपनी व माप सांगणारी चिकटपट्टी तीत असते. जंतुसंसर्ग नाही ना, हे रक्त व गुडघ्यातील पाणी तपासून आधी पाहतात. असल्यास बहुधा दोन टप्प्यांत काम होते : आधी सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट ठेवतात, संसर्ग गेल्यावर नवा सांधा. मात्र पाणी तपासण्यापूर्वी प्रतिजैविक गोळ्या परस्पर देऊ नका. जंतू असूनही अहवालात ते सापडत नाहीत.