काळी नावाच्या कुत्र्याचा शिलालेख

तूर शेंगांवर आली की नेर परसोपंतच्या शिवारात जागल सुरू होते. मांडवावर माणूस आणि मांडवाखाली कुत्रं. रोही हाकलणं सोपं असतं, रानडुक्कर हाकलणं नाही. डुक्कर पळता पळता उलटतं आणि सुळ्यानं खालून वर चिरतं. बॅटरीचा उजेड पडायच्या आत कुत्रं पुढं झालेलं असतं. अशा झुंजीत मेलेलं कुत्रं धुऱ्यावर पुरलं जातं. घरात चार दिवस त्याचं नाव निघतं, मग तेही विसरलं जातं.

डुकराशी झुंजत मेलेल्या एका कुत्र्याचं नाव मात्र पावणेअकराशे वर्षं टिकून आहे. त्याच्या मालकानं ते दगडावर कोरून ठेवलं. हा मालक योद्धा होता आणि ते कुत्रं त्यानं एका मोठ्या लढाईनंतर बक्षीस म्हणून मागून घेतलं होतं.

दगड कर्नाटकातला असला, तरी ज्या राजाच्या काळात तो उभा राहिला त्याचं राज्य आपल्या वऱ्हाडावरही होतं. नेरहून यवतमाळ, पुढं कळंब ओलांडून वर्ध्याकडं निघालं की देवळी लागते. या देवळीत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा इ.स. 940 चा ताम्रपट मिळाला. नागपूर-नंदिवर्धन भागातलं एक गाव दान दिल्याचा मजकूर त्यात आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेणारं घराणं हेच, राष्ट्रकूटांचं. तिसऱ्या कृष्णाचा दुसरा ताम्रपट, इ.स. 959 चा, कऱ्हाडला सापडला. राजाची छावणी तेव्हा तामिळ मुलखात मेलपाडीला होती आणि जिंकलेले प्रांत तो आपल्या माणसांना वाटून देत होता. हे दोन्ही ताम्रपट रा. गो. भांडारकरांनी वाचून प्रसिद्ध केले.

दक्षिणेतल्या या मोहिमेतली सर्वांत मोठी लढाई तक्कोलमला झाली. हे गाव आज तामिळनाडूत, अरक्कोणमजवळ आहे. साल इ.स. 949. एका बाजूला चोळांचा युवराज राजादित्य, दुसऱ्या बाजूला कृष्ण आणि त्याचा मेहुणा, गंग राजा दुसरा बूतुग. राजादित्य हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला आणि चोळांचा जोर पुढची कित्येक वर्षं ओसरला. कृष्णानं खूश होऊन बूतुगाला बनवासी, बेळवोल असे प्रांतच्या प्रांत देऊन टाकले.

बूतुगाच्या सैन्यात मणलेर नावाचा एक वीर होता. लढाईत तो आघाडीला राहून लढला. बूतुगानं त्याला हवं ते मागायला सांगितलं. त्यानं राजाजवळचं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागितलं आणि ते त्याला मिळालं.

जिथं प्रांत वाटले जात होते तिथं या गड्यानं कुत्रं का मागितलं असेल, हे शिलालेखात सांगितलेलं नाही. मला वाटतं, त्या कुत्र्याची करामत त्यानं आधी डोळ्यांनी पाहिलेली असणार. चांगल्या कुत्र्याची पारख असलेला माणूस हा सौदा तोट्याचा म्हणणार नाही. मणलेराला पराक्रमाबद्दल आतकूरचा मुलूखही मिळाला. त्याचीही नोंद त्याच दगडावर आहे.

पुढं बेळतूर गावाच्या पश्चिमेच्या टेकडीवर एका थोरल्या रानडुकरावर काळीला सोडलं गेलं. दोघांची झुंज झाली आणि दोघंही मेली. मणलेरानं आतकूरला चेल्लेश्वराच्या देवळासमोर दगड उभारला. मोठ्या तळ्याखालची ओलिताची जमीन त्या दगडाच्या पूजेसाठी लावून दिली. जमीन सांभाळणारा पुजारी दगडाची पूजा न करता जेवला तर त्याला पाप लागेल, असंही त्यात लिहून ठेवलं. घरच्या माणसासाठी करावं तेवढं सगळं त्यानं केलं.

दगडावर कुत्रं आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत. भोवती जुन्या कन्नडमधला मजकूर आहे. राजादित्याचा शेवट आणि बूतुगाला मिळालेली बक्षिसं सांगणारा हा अतिशय महत्त्वाचा पुरावा. दोन साम्राज्यांच्या झुंजीचा इतिहास अभ्यासकांना एका कुत्र्याच्या स्मारकावर वाचावा लागतो. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा हा दगड आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे.

याहून जुना एक दगड तामिळनाडूत एडुत्तनूरला आहे, सातव्या शतकातला, पल्लव राजा महेंद्रवर्म्याच्या काळातला. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मालक पडला. त्याच्या कोवीवन नावाच्या कुत्र्यानं दोन चोरांना चावून तिथंच राखण केली. मालकाच्या दगडावर कुत्र्याची मूर्ती आणि नाव दोन्ही आहेत.

आपल्याकडं इमानी कुत्रा म्हटलं की रायगडावरचा वाघ्या आठवतो. शिवाजी महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली ही कथा घराघरांत सांगितली जाते. त्याचा पुतळा 1936 चा, आणि शिवकाळातल्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडत नाही. त्यावरून 2011 मध्ये पुतळा उखडला गेला, परत बसवला गेला. 2025 मध्ये वाद पुन्हा पेटला. श्रद्धा कुणाचीही दुखवू नये, पण पुराव्यानिशी उभी असलेली काळी आपल्या पोरांना ठाऊक नसावी, याची मला मनापासून खंत वाटते.

मणलेरानं केलं तेच आज सैन्य करतं. लढाईत पडलेल्या कुत्र्याचं नाव अधिकृत कागदावर नोंदवतं. 2015 च्या ऑगस्टमध्ये काश्मीरच्या तंगधार भागात घुसखोरांशी झालेल्या चकमकीत मानसी ही लॅब्रेडॉर कुत्री आणि तिला सांभाळणारा टेरिटोरियल आर्मीचा जवान बशीर अहमद वार दोघंही कामी आले. सैन्यानं मानसीचा मरणोत्तर गौरव केला. सप्टेंबर 2023 मध्ये राजौरीत केंट ही सहा वर्षांची कुत्री आपल्या जवानाला वाचवताना गोळ्यांना बळी पडली. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात अशी कुत्री तयार होतात. तिथं एका कुत्र्याला एक जवान नेमून दिलेला असतो. खाणं, अंघोळ, सराव सगळं तोच बघतो. म्हणून गोळीबारात ते कुत्रं त्याच्या नुसत्या खुणेवर पुढं जातं.

विदर्भातल्या वाचकांना एक विनंती. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारामागं किंवा पडक्या शिवालयाजवळ वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असेल तर एकदा नीट बघा. वरच्या पट्टीत शिवपिंड आणि पूजा असते, खाली लढाई आणि पडलेला वीर. त्या खालच्या पट्टीत गुरं आहेत का, एखादं कुत्रं आहे का, हे जरूर पाहा. दगडाला ऑइलपेंट लावू नका, सिमेंटच्या ओट्यात अर्धा गाडू नका. फोटो काढा, गावाचं नाव आणि जागा लिहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.