एकास पंचवीस

गेल्या पोळ्याच्या आधी, डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माझ्या मुलीने भाच्यासाठी एक खोकं पाठवलं. खोक्यावर १९६९ सालच्या डॉज चार्जर गाडीचं झकास चित्र. आत मात्र गाडी नव्हतीच! होते ते प्लास्टिकचे ढीगभर सुटे भाग, प्रत्येकावर नंबर, आणि जोडणीचा एक घडीचा कागद. नातू नागपूरहून समुद्रपूरला आला तोच खोकं काखोटीला मारून. "आबा, ही आपण दोघांनी जोडायची," त्याने हुकूम सोडला.

खोक्यावर छापलं होतं, १:२५. एकास पंचवीस. आयुष्य बँकेत आकडे मोडण्यात गेल्यामुळे डोक्यात हिशेब लगेच झाला : शेकडा चार. वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला पीककर्ज पडतं तोच दर! सव्वापाच मीटर लांबीची गाडी २१ सेंटिमीटरांत मावणार होती.

अशा गाड्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. आपण पहिलवान गाडी म्हणू. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं, ही त्यातली युक्ती. १९६४ मध्ये पाँटियाक कंपनीने जीटीओ आणली आणि ही दंगल रंगली. चार्जरला तर सात लिटरचं, ४२५ अश्वशक्तीचं इंजिनही मिळे; आपली त्या वेळची फियाट सव्वा लिटरचीसुद्धा नव्हती. पण ही पहिलवानकी फार टिकली नाही. विम्याचे हप्ते चढले, १९७० मध्ये धुराविरुद्धचा कायदा कडक झाला, आणि १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. खऱ्या गाड्या हटल्या, प्रतिकृती राहिल्या. ज्या पोरांना गाडी परवडत नव्हती ती खोकी आणून जोडत बसत. आता म्हातारी झाली तरी जोडतात.

सुट्या भागांतून डॉज उभी करणं आपल्यालाही नवं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात खऱ्या डॉज आणि प्लिमथ गाड्या अशाच सुट्या येत आणि तिथे जोडल्या जात. हे सांगितल्यावर नातू म्हणाला, "त्यांना पगार मिळत असेल ना आबा?"

आमचा कारखाना म्हणजे घरामागचा जुना कोठा. कधीकाळी इथे बैलजोडी बांधलेली असे. आता एक टेबल, एक बल्ब आणि तुरीची दोन पोती. नेलकटरने भाग सुटे करायचे, पॉलिशपेपरने कड घासायची, साबणाच्या पाण्याने धुवायचे. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. रंगाच्या बाबतीत आम्ही घाई केली. बाहेर पावसाची झड, हवेत ओल, आणि लाल टपावर पांढुरकी साय धरली. पुन्हा घासलं, उघाडीची वाट पाहिली. जोडणीचा डिंक तर मोठा लबाड. तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. पण त्याच्या वाफेने काच आंधळी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मला ते मागचा काचेचा तुकडा खराब झाल्यावर कळलं. पुढची काच मग फेव्हिकॉलने बसवली. तो वाळला की पारदर्शक होतो.

या आठ दिवसांत नातवाला एक सवय लागली. हातातला भाग पाहायचा, मग खोक्यावरचं चित्र पाहायचं. चित्रात नाही ते चूक.

पोळ्याच्या आदल्या रात्री मी फळीवरून लाकडी नंदी काढला. आमच्या वर्धा जिल्ह्यात तान्ह्या पोळ्याचं अप्रूप मोठं. सिंदी रेल्वेचा तर दूरवर नावाजलेला. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत निघतात आणि घरोघर बोजारा मागतात. नातवाने नंदी उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "आबा, याचं डावं शिंग चुकलंय. खाली वळलंय. पुट्टी उरली आहे, सरळ करू?"

मलाही ती सुताराची चूकच वाटत आली होती. हा नंदी १९९४ चा. त्या वर्षी मी बाबांना ट्रॅक्टरसाठी कर्ज घ्यायला लावलं. कागद मीच नीट करून दिले. कर्जदाराने स्वतःची काही रक्कम घालावी लागते; ती बैलजोडी विकून उभी केली. बाबा एवढंच म्हणाले होते, "मंग पोळ्याले ट्रॅक्टरच्या कोन्त्या शिंगाले बेगड लावू?" मी हसलो होतो. पुढच्या पोळ्याला त्यांनी हा नंदी करवून आणला. माझ्या पाच वर्षांच्या मुलासाठी, असं मी धरून चाललो.

"याचा फोटो कुठाय?" नातवाने विचारलं. चित्राशिवाय त्याचं अडत होतं. बाबांच्या ट्रंकेत सापडला. पहिल्या पगारातून घेतलेल्या आग्फा क्लिक थ्रीने मीच काढलेला, पोळ्याच्या तोरणाखालचा. झूल पांघरलेली जोडी, शेजारी बाबा. उजवीकडच्या बैलाचं डावं शिंग खाली वळलेलं होतं.

तीस वर्षं नंदी माझ्या डोळ्यांपुढे होता आणि बैल मी ओळखला नव्हता. बाबांपाशी नंबर घातलेला कागद नव्हता, फोटोही त्यांनी सुताराला दाखवला नसावा. त्यांनी नुसतं तोंडाने सांगितलं असणार.

नातवाने पुट्टीचा डबा बंद केला. मग पट्टी आणून नंदी मोजला आणि विचारलं, "आबा, हा एकास किती?"

मला सांगता येईना. त्या बैलाचं माप कुठेच लिहिलेलं नाही. कर्जाच्या अर्जावर होती ती फक्त किंमत, आणि ती माझ्याच अक्षरात होती.