जिन्झूकाठची भातखाचरे

जपानच्या तोयामा प्रांतात, जिन्झू नदीच्या काठी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून, पस्तिशी ओलांडलेल्या आणि अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी स्त्रियांना जी अस्थिव्यथा जडू लागली, तिचे कारण सरकारदरबारी मान्य होण्यास अर्धे शतक लोटले. आधी कंबर व मांड्या दुखत, पुढे चाल बदकासारखी होई, आणि अखेरीस हाडे इतकी दुर्बल होत की खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हा त्यांचा आक्रोशच रोगाचे नाव होऊन बसला. शेजारीपाजारी मात्र त्यास पूर्वकर्माचा भोग म्हणत.

वस्तुतः या व्यथेचा दाखला शिवारातच होता. वरच्या डोंगरात, कामिओका येथे, मित्सुई कंपनीची जस्ताची व शिशाची खाण होती. तिचे सांडपाणी आणि गाळ नदीत, नदीतून पाटात व पाटातून खाचरात येई. पाणी जेथून आत घेतले जाई त्या कोपऱ्यात गाळ प्रथम बसे आणि तेथलेच भात सर्वांत खुरटे राही, हे दारे धरणाऱ्यांना दिसतच होते. त्या गाळातील कॅडमियम पाणी साचलेल्या चिखलात गंधकाशी बद्ध होऊन स्वस्थ राहते. परंतु भात निसवण्याच्या सुमारास खाचर सुकले की ते सुटे होऊन मुळांवाटे दाण्यात शिरते. रोजच्या घासातून ते मूत्रपिंडात साचत जाते, आणि तेथे बिघाड झाला की हाडांना लागणारी द्रव्ये लघवीवाटे निघून जातात.

१९४६ साली युद्धावरून परतलेले गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती जिन्झूच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावांतच सापडली. १९६१ मध्ये त्यांनी कॅडमियमकडे बोट दाखविले आणि त्याबद्दल बरीच अवहेलना सोसली. ८ मे १९६८ रोजी सरकारने तेच कारण ग्राह्य धरले. त्याच वर्षी रुग्णांनी दावा गुदरला. कोणाच्या शरीरात नेमके किती विष गेले ते सिद्ध करा, हा कंपनीचा आग्रह बाजूस सारून, रोगाच्या प्रसाराचा अभ्यास पुरावा म्हणून पुरेसा आहे, असा इन्साफ न्यायालयाने केला, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

परंतु माझ्या मते या लढ्याची खरी कमाई निकालाच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या करारनाम्यात आहे. नुकसानभरपाई आणि जमिनीची दुरुस्ती यांबरोबरच, आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन, कंपनीच्या खर्चाने, खाणीत शिरून तपासणी करण्याचा हक्क शेतकऱ्यांनी मिळविला. पैसा घेऊन घरी बसणे सोपे होते. त्यांनी मूळ उगमावरच पहारा बसविला. दूषित माती खाली गाडून तिच्यावर डोंगरातील स्वच्छ माती पसरण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले, आणि सुमारे ८६३ हेक्टर जमीन पुन्हा लागवडीस आली. हाडांपर्यंत रोग न पोहोचलेल्या, पण मूत्रपिंड बिघडलेल्या लोकांबाबतचा तह मात्र २०१३ च्या अखेरीस झाला. खाणीतून धातुक काढणे २००१ मध्येच थांबले होते. तरीही टाकाऊ गाळाचे प्रचंड साठे नदीच्या माथ्यावर उभे असल्यामुळे शेतकऱ्यांची वार्षिक तपासणी बंद झालेली नाही.