बिनभट्टीची भुतं

ऑक्टोबर अर्धा सरला की न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत दारोदार केशरी भोपळे मांडले जातात, कुंपणांवर कापसाची जाळी पसरते आणि शेजारची मुलं मला विचारायला लागतात, "मावशी, यंदा भुतं कधी करायची?" भुतं म्हणजे केळ्यांची. त्यांच्या सोबतीला बिस्किटांचे कोळी, हिरवे राक्षस आणि पेल्यातलं स्मशान. हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, आधीच्या शनिवारी पाच-सहा मुलं माझ्या स्वयंपाकघरात जमतात आणि आम्ही हे सगळं ओव्हन न लावता करतो.

ओव्हन टाळण्यामागे माझा एकच विचार आहे. भाजायच्या पदार्थात मुलांना सुरुवातीला थोडं ढवळायला मिळतं, मग सगळं काचेआड जातं आणि मोठ्यांच्या हाती राहतं. बिनभाजणीच्या पदार्थात पहिल्या चमच्यापासून शेवटच्या डोळ्यापर्यंत मुलांचेच हात असतात. मात्र त्यासाठी आपल्याला नीट ठाऊक हवं, की कुठला पदार्थ कशामुळे घट्ट होतो आणि कशामुळे बिघडतो. ते कळलं की चार वर्षांच्या पोरालाही त्याचं काम निर्धास्त सोपवता येतं.

हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागतो त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी तिथली जुनी समजूत. तिथले लोक सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत आली, इथे त्यांना भोपळा मिळाला, आणि तो कोरायला कितीतरी सोपा होता. पूर्वी दारावर आलेल्या मुलांना घरी केलेले पॉपकॉर्नचे लाडू, सफरचंदं असं काहीबाही मिळे. पुढे अनोळखी माणसं खाऊत विष घालतात अशी भीती पसरली आणि बंद पाकिटातल्या गोळ्या-चॉकलेटांचा रिवाज पडला. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, तेव्हा ही भीती जवळजवळ निराधार निघाली. तरी रिवाज टिकला. म्हणून घरी केलेला खाऊ दारावर वाटायचा नाही, ओळखीच्या घरांत आणि आपल्याच ओट्याभोवती खायचा.

आता चॉकलेट, कारण निम्मे पदार्थ त्याच्यावर उभे आहेत.

चॉकलेटमधली कोकोची चरबी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. आपलं अंग ३७ अंशांचं. म्हणून ते जिभेवर विरघळतं, आणि म्हणूनच मुलांच्या मुठीतही विरघळतं. ही चरबी गोठताना तिचे निरनिराळ्या जातींचे स्फटिक बनू शकतात. त्यातल्या एकाच जातीमुळे चकाकी येते आणि तुकडा मोडताना टक्कन आवाज होतो. वितळवून तसंच थंड केलेलं चॉकलेट निस्तेज दिसतं आणि त्यावर पांढुरके पट्टे उमटतात. ते टाळायला तापमान काटेकोर सांभाळावं लागतं, आणि सहा मुलं भोवती असताना ते जमत नाही. म्हणून मी कंपाउंड चॉकलेट घेते. इथे त्याला कँडी मेल्ट्स म्हणतात, पुण्या-मुंबईत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत कंपाउंडच म्हणतात. त्यात कोकोच्या चरबीऐवजी पाम कर्नेलसारखं दुसरं वनस्पतिजन्य तेल असतं, त्यामुळे ते खटाटोपाशिवाय गोठतं. चवीला खऱ्या चॉकलेटची सर नाही, पण या कामाला तेच बरं.

वितळवायला मायक्रोवेव्ह पुरतो. निम्म्या शक्तीवर तीस सेकंद, बाहेर काढून ढवळायचं, पुन्हा तीस सेकंद. थोड्या गुठळ्या शिल्लक असतानाच थांबायचं. भांड्याच्या उबेवर ढवळता ढवळता त्या विरतात. पांढऱ्या चॉकलेटच्या बाबतीत घाई मुळीच नको, दूध-साखर जास्त असल्याने ते फार लवकर करपतं.

चॉकलेटचा खरा वैरी पाणी. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की साखरेचे गोळे होतात ना, अगदी तेच इथे घडतं. चॉकलेटमध्ये साखरेचे बारीक कण चरबीत सुटे असतात. पाण्याचे दोन-चार थेंब पडले की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि मघाशी वाहणारं चॉकलेट क्षणात ओल्या वाळूसारखं आखडतं. म्हणून भांडी, चमचे आणि मुलांचे हात खडखडीत कोरडे हवेत. रंगही पाण्यातले चालत नाहीत, तेलातले किंवा पूडच लागते. एकदा एका मुलीने प्रेमाने केशरी रंगाचे थेंब घातले आणि सगळ्या वाटीचा गोळा झाला. तिचे डोळे भरून आले. मी त्यात आणखी बरंचसं गरम दूध घातलं. थोडं पाणी चॉकलेट बिघडवतं, पण पुरेसं पडलं की साखर विरघळते आणि सॉस तयार होतो. तो आम्ही आइस्क्रीमवर ओतून खाल्ला, आणि हे असं का झालं ते तिनेच बाकीच्यांना समजावून सांगितलं.

कोळी करायला ओरिओ बिस्किटं घ्यायची. त्यांच्या क्रीममध्ये प्रेट्झेलच्या खारट काड्यांचे तुकडे दोन्ही बाजूंनी खोचायचे. वेलबुट्टीचं प्रेट्झेल मोडलं की आयते वाकडे पाय मिळतात. पाय आधी खोचायचे, मग वर चमचाभर चॉकलेट सोडून ते ओलं असतानाच डोळे बसवायचे. एकदा गोठलं की डोळे टिकत नाहीत. कोळ्याला पाय आठ; दर वर्षी कुणीतरी सहाच लावतं आणि मग ओट्यावर कीटक आणि कोळी यांच्यातल्या फरकावर जोरदार चर्चा होते. बाजारात साखरेचे तयार डोळे मिळतात, पण पांढऱ्या चॉकलेटच्या थेंबावर काळ्याचा टिपका मला जास्त आवडतो. प्रत्येक कोळ्याची नजर वेगळी होते.

हिरवे राक्षस ज्याचे करतो त्या वड्या अमेरिकेत घरोघरी होतात. भाजलेल्या तांदळाचा राइस क्रिस्पीज नावाचा नाश्त्याचा प्रकार आहे, आपल्या चुरमुऱ्यांचा लहान भाऊच म्हणा. १९३९ मध्ये केलॉग्ज कंपनीतल्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन या दोघींनी तो मार्शमेलोत बांधून वड्या केल्या. कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला पैसे उभे करायला काहीतरी सोपं, विकण्याजोगं हवं होतं. आजचं प्रमाण असं: ३ टेबलस्पून बटर, २८३ ग्रॅम मार्शमेलोचं एक पाकीट आणि ६ कप राइस क्रिस्पीज.

चुरमुऱ्यांचे लाडू वळलेल्या कुणालाही ही कृती पहिल्या झटक्यात जमेल. तिथे गुळाचा पाक जे काम करतो ते इथे वितळलेला मार्शमेलो करतो. मार्शमेलो म्हणजे साखर, मक्याच्या साखरेचा पाक, जिलेटिन आणि पुष्कळशी हवा. पाक जरा पुढे गेला की लाडू दगड होतात, हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे. इथेही आच मोठी ठेवली की पाणी उडून जातं, साखर घट्ट होते आणि वडी दाताला दाद देत नाही. तेव्हा बारीक गॅसवर बटर, त्यावर मार्शमेलो, आणि शेवटची गुठळी विरायच्या आतच गॅस बंद. याच वेळी हिरवा रंग घालायचा. इथे पाण्यातलाही चालतो. मग राइस क्रिस्पीज घालून भराभर कालवायचं.

एवढं एक काम मात्र मोठ्यांचं. वितळलेली साखर हाताला चिकटून बसते, झटकता येत नाही, आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते. मिश्रण ताटात पसरून कोमट झालं की मुलांच्या तळव्यांना बटर लावायचं आणि थापायला द्यायचं. थापायचं हलक्या हाताने. रेटून दाबलं तर कण चेपतात, मधली हवा जाते आणि वड्या चिवट होतात. माझं मुलांना एकच सांगणं असतं, "झोपलेल्या मांजराला थोपटतो तसं थोपटा."

अर्ध्या तासाने उभ्या आयताकृती वड्या कापायच्या. १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' चित्रपटात बोरिस कार्लॉफने साकारलेल्या राक्षसाचं डोकं वरून सपाट होतं, तेव्हापासून तो असाच काढतात, त्यामुळे वडीचा आकार आयताच जुळतो. वरची कड चॉकलेटमध्ये बुडवली की केस झाले, मानेशी दोन काड्या खोचल्या की खिळे झाले. मोठ्या मुलांना मी हमखास सांगते, की मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेनस्टाइन हे त्याला घडवणाऱ्या माणसाचं आडनाव आहे. त्या बिचाऱ्या जिवाला नावच नाही. मग मुलं आपापल्या वडीचं बारसं करतात.

मार्शमेलोबद्दल आपल्या घरांत एक गोष्ट आधीच बोलायला हवी. जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढतात, अमेरिकेत बहुधा डुकराच्या. शाकाहारी घरांना हे कित्येकदा वर्षानुवर्षं माहीत नसतं, आणि शाळेतून कळल्यावर मूल अपराधी होऊन घरी येतं. जिलेटिनविरहित मार्शमेलो आता सहज मिळतात, त्या पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. वितळायला ते थोडे हट्टी असतात, बटर चमचाभर वाढवावं. जेलीचे किडेही घ्यायचे तर पेक्टिनचे बघून घ्यावेत.

ते किडे लागतात स्मशानाला. इन्स्टंट चॉकलेट पुडिंगची पूड गार दुधात दोन मिनिटं घुसळली की पाचेक मिनिटांत आळते. त्यातलं पीठ आधीच शिजवून वाळवलेलं असतं, आणि सोबतचे क्षार दुधातल्या प्रथिनांना घट्ट करतात. म्हणूनच बदामाच्या किंवा सोयाच्या दुधात ते पातळच राहतं. पेल्यात पुडिंग, वर ओरिओचा चुरा म्हणजे माती, मातीतून डोकावणारे किडे, मागे थडगं म्हणून लांबट बिस्कीट. चुरा करायला जाड पिशवीत बिस्किटं भरून लाटणं हाती द्यावं. दिवसभरात सगळ्यात मोठी रांग लागते ती याच कामाला.

इतकं गोड झाल्यावर फळं. लहान संत्री सोलून मधोमध सेलरीचा हिरवा तुकडा खोचला की भोपळा तयार. दिवाळीच्या सुमारास नागपुरी संत्री हाती लागणाऱ्यांनी हा भोपळा जरूर करावा, देठासाठी काकडीची चिरफळी चालेल. तीन वर्षांच्या मुलालाही हे पूर्णपणे एकट्याने करता येतं, आणि म्हणूनच मला हा पदार्थ फार मोलाचा वाटतो.

केळ्याची भुतं मी सहसा चॉकलेटऐवजी चक्क्याची करते. केळं अर्धं कापून खालून आइस्क्रीमची काडी खोचायची आणि तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. श्रीखंडासाठी टांगतो तसं दही रात्रभर टांगून चक्का करायचा आणि थोडी पिठीसाखर घालून फेटायचा. गार केळं फडक्याने टिपून त्यात बुडवलं की चक्का लगेच धरतो. केळ्यावर दव राहिलं तर मात्र ओघळतो. चॉकलेटच्या दाण्यांचे डोळे आणि तोंड लावून पुन्हा फ्रीझर. काही मुलं तोंड हसरं करतात, काही रडकं. एका मुलाने एकदा भुताला कपाळावर टिकली लावली. त्या वर्षी, २०२४ मध्ये, हॅलोवीन ऐन दिवाळीत आला होता.

कुणाला काय चालत नाही हे मुलं बोलवायच्या आधीच त्यांच्या आई-वडिलांना विचारायचं. शेंगदाणे आणि काजू-बदाम तर आहेतच, पण तीळही. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तिळाचा समावेश लेबलवर लिहायलाच हव्या अशा नऊ मुख्य ॲलर्जीकारकांत झाला आहे, आणि तिळगुळावर वाढलेल्या आपल्याला ते चटकन सुचत नाही. राइस क्रिस्पीजमध्ये बार्लीचं माल्ट असतं, म्हणजे ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांना तेही नको. काही घरांबाहेर निळसर हिरवा भोपळा दिसतो. २०१४ पासून एफएआरई या ॲलर्जीविषयक संस्थेने ही खूण देशभर रुजवली. तिचा अर्थ, इथे खाऊशिवाय दुसरं काहीतरी, पेन्सिल किंवा छोटं खेळणंही मिळेल. आणि चार वर्षांखालच्या मुलांना सबंध मार्शमेलो, सबंध द्राक्षं, कडक गोळ्या द्यायच्या नाहीत, त्या घशात अडकतात. त्यांच्यापुरत्या वड्यांचेही बारीक तुकडे करावेत.

संध्याकाळी आवरताना कोळी घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवायचे, फ्रिजमध्ये त्यांचे पाय सादळतात. वड्याही बाहेरच, दोन दिवस छान राहतात. पुडिंग फ्रिजमध्ये, पण मातीचा चुरा आयत्या वेळी घालायचा. भुतं फ्रीझरमध्येच उभी राहू द्यायची आणि मुलं ३१ तारखेला गल्ली फिरून, बादल्या भरून, गारठलेल्या नाकांनी परत आली, की जॅकेटं काढेपर्यंतची पाच मिनिटं आधी बाहेर काढायची. तेवढ्यात केळं दाताला सोसेल इतकं मऊ होतं आणि चक्का अजून काडीवर घट्ट असतो.